पत्रादेवीपलीकडचे घर

१५ ऑगस्ट १९५५ या दिवशी सोमवार होता, श्रावणातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तीन हजारांहून अधिक नि:शस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली, जखमी तर कितीतरी झाले. बांद्याहून पेडणे तालुक्यात शिरताना लागणारी पत्रादेवी ही त्यातली एक जागा. लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचे तरुण शिक्षक करनैलसिंग बेनिपाल तिथे गोळीला बळी पडले. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. गोव्याला जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्या सोमवारी पत्रादेवीच्या तुकडीत होते. वय वर्षे वीस, पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या पायाला गोळी लागली होती आणि तरीही ते जिवंत परत आले. ते कसे परतले, कोणामुळे परतले, याचा शोध घेण्यासाठी आम्ही पन्नास वर्षांनी त्याच वाटेने गेलो. त्या शोधाची ही हकीगत आहे.

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे आधीचे सांगायला हवे. १९४७ साली इंग्रज गेले, पण गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालकडेच राहिले. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. गोव्यात सभा घेणे, पत्रक काढणे, संघटना बांधणे हे सगळे गुन्हे होते. लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी ही मनाई मोडली आणि सविनय कायदेभंगाला तोंड फुटले. त्याच साली डॉ. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. दिल्लीचे सरकार वाटाघाटी करत राहिले, लष्कर पाठवायला तयार नव्हते. मग लोकांनीच जायचे ठरवले. पुण्यात केसरीवाड्यातून गोवा विमोचन सहायक समितीचे काम चाले. १८ मे १९५५ रोजी सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांची तुकडी सीमा ओलांडून गेली. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली; ते १९५७ साली सुटले. त्या पावसाळ्यात पुण्यातल्या वसतिगृहांमधून दुसरा विषयच नव्हता.

अण्णा २००१ साली गेले. त्यांच्या कपाटात चाळीस पानांची एक वही निघाली. या प्रवासाबद्दल ते घरी फारसे बोलत नसत; वही मात्र व्यवस्थित लिहिलेली होती, तारीखवार. पुण्याहून मिरजमार्गे बेळगावपर्यंत रेल्वे, तिथून आंबोली घाटाने सावंतवाडी, मग बांदा. बांद्याला शाळेच्या पडवीत मुक्काम. गावातल्या बायकांनी भाकऱ्या करून आणल्या होत्या. हाती काठीसुद्धा घ्यायची नाही आणि काही झाले तरी हात उगारायचा नाही, अशी शपथ सगळ्यांनी घेतली. तुकडीत त्यांच्या उजव्या हाताला पंजाबचा एक मुलगा होता आणि डाव्या हाताला सोलापूरचा एक गिरणी कामगार. तिघांची भाषा एक नव्हती; घोषणा एकच होत्या.

गोळीबाराचे वर्णन वहीत अवघ्या सात ओळींचे आहे. सीमा ओलांडली, शिपायांनी थांबायला सांगितले, कोणी थांबले नाही, आवाज झाले. शेजारचा खाली बसला, असे अण्णांना वाटले. तो बसला नव्हता. मग त्यांच्या स्वत:च्या पोटरीला चटका बसला. पुढे धावपळीत, धुरात आणि पावसात त्यांची दिशा चुकली. बांद्याकडे परतण्याऐवजी ते पोर्तुगीज हद्दीत आणखी आत गेले. कातळाचा उघडा सडा, त्यानंतर उतार, खाली ओहोळ आणि पोफळींची बाग. बागेच्या कडेला ते पडले.

शुद्धीवर आले तेव्हा एक बाई समोर उभी होती. तिने एवढेच विचारले, "खंयचो रे तू?" अण्णा म्हणाले, "पुण्याचा." तिने पुढे काही विचारले नाही. गोठ्याच्या माळ्यावर गवतात त्यांना निजवले. गरम पाण्याने जखम धुतली, हळद भरली आणि लुगड्याचा पदर फाडून पट्टी बांधली. गोळी मांसातून आरपार गेली होती, हे नशीब. उकड्या तांदळाची पेज आणि खारातला आंबा दिला. त्यांची खादीची पैरण आणि टोपी काढून घेतली. ती परत मिळाली नाही. अण्णा तिथे तीन रात्री होते. चौथ्या रात्री घरातल्या पुरुषाने त्यांना काष्टी नेसवली, डोक्यावर इरले दिले आणि गडीमाणसासारखे चालायला सांगितले. पोरस्कड्याच्या बाजूने न्हयबागेपर्यंत रानातून चाल, मग होडीतून तेरेखोल नदीपार, सातार्ड्याच्या काठावर. तो माणूस होडीतून उतरलाही नाही. लगेच परत फिरला.

या सगळ्यात एक वाक्य अण्णांनी अधोरेखित केले होते. निघताना त्यांनी त्या बाईंना नाव विचारले, तेव्हा ती म्हणाली की नाव विचारू नकोस, तुझेही सांगू नकोस. वाटेत सापडलास तर तुझ्या तोंडून आमचे निघेल, आम्ही सापडलो तर आमच्या तोंडून तुझे.

अण्णांना वाचवणाऱ्या माणसांची नावे त्यांना कधीच कळली नाहीत, ती अशी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली अण्णा एकदा पेडण्याला जाऊन आले. पण ज्या घरात ते भोवळ येऊन पडले आणि काळोखात बाहेर पडले, ते घर त्यांना उजेडात ओळखता येईना. लोकांना विचारले, तर परक्या माणसाशी या विषयावर बोलायला कोणी तयार नव्हते. पुढे नोकरी, संसार, आमची शिक्षणे. ते पुन्हा गेले नाहीत.

२००५ साली सत्याग्रहाला पन्नास वर्षे होत होती. मी आणि माझे यजमान वही घेऊन निघालो. बांद्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला साथ दिली. त्यांच्या आईचे माहेर पेडणे तालुक्यातले. हे तिकडे नवलाचे नाही. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना देव तेच, आडनावे तीच आणि सोयरिकी एकमेकांत. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यातली रेघ या लोकांच्या घराघरांतून गेली होती. गुरुजी म्हणाले, "तुमचे वडील परदेशात गेले होते असे कागद सांगतो. आमच्या दृष्टीने ते माझ्या आजोळी गेले होते."

तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग १७ वरून आम्ही पत्रादेवीला उतरलो, तोरशाच्या बाजूने आत गेलो आणि मोप्याच्या सड्यावर चढलो. त्या वेळी तिथे कातळ, पावसाळ्यानंतरचे गवत आणि चरणारी गुरे होती. आता त्याच सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरतात. वहीतला 'उघडा सडा' पाहायचा तर आज उशीर झाला आहे. आम्ही तो जेमतेम गाठला.

सड्याच्या उतारावरच्या वाड्यांमधून आम्ही चार दिवस फिरलो. गुरुजींची ओळख आणि त्यांची बोली यामुळे माणसे बोलू लागली. आम्हाला एका घराचा शोध होता. पण पहिल्या तीन दिवसांतच आम्हाला असे चार प्रसंग ऐकायला मिळाले आणि त्यातला एकही अण्णांचा नव्हता. एका घरी दंडाला गोळी लागलेला मुलगा लपवला होता. त्याला फक्त हिंदी येत होते. एका ठिकाणी दोघे जण भाताच्या कणगीमागे एक रात्र बसून होते. एका म्हाताऱ्या कोळ्याने त्या आठवड्यात पाच माणसे नदीपार नेली होती; प्रत्येकाकडून त्याने वचन घेतले होते की होडीत बोलायचे नाही. चौथ्या घरचा पाहुणा त्यांच्याकडेच दगावला. त्याला त्यांनी रात्रीच बागेच्या टोकाला अग्नी दिला आणि दरवर्षी श्रावणात त्याच्या नावाने पान वाढत राहिले. नाव ठाऊक नव्हते, 'बाबल्या' म्हणत.

मला वाटते, आपण इथे जरा थांबायला हवे. सत्याग्रहींच्या शौर्याबद्दल आपण वाचलेले असते आणि ते शौर्य खरेच होते. पण महाराष्ट्रातून किंवा पंजाबातून गेलेला साधा सत्याग्रही सापडला तर बहुधा त्याला बेदम मारून सीमेपलीकडे ढकलून देत. पलीकडे त्याचा देश होता, दवाखाना होता, हारतुरे होते. आसरा देणारा गोवेकर मात्र पोर्तुगालचा प्रजाजन. त्याच्यासाठी ठाणे होते, लष्करी न्यायालय होते आणि वर्षानुवर्षांची शिक्षा होती. त्याला ढकलून द्यायला दुसरा देश नव्हता. सत्याग्रही एका दिवसाची जोखीम घेऊन येई. तो निघून गेल्यावर ती जोखीम त्या घरात मुक्कामाला राहत असे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओहोळाकाठच्या एका घरी आम्ही पोहोचलो. गावाचे आणि घराचे नाव मी देत नाही. तशी त्यांची इच्छा आहे. घरात साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्यांना मी मावशी म्हणू लागले. आई-वडील केव्हाच वारले होते. लग्न होऊन पलीकडच्याच वाडीत गेलेल्या या मावशी भावाच्या घरी चतुर्थीनंतरच्या दिवसांत राहायला आल्या होत्या. १९५५ साली त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या.

गुरुजींनी विषय काढला. मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या की एका श्रावणी सोमवारी आईने भर दुपारी चूल पेटवली होती. त्यांच्या घरी सोमवारी सकाळी पोरांपुरती पेज झाली की संध्याकाळी उपास सोडेपर्यंत चूल बंद असे. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, दारे लावलेली होती आणि चुलीतून कापड जळल्याचा वास येत होता. "आये, काय जळता?" असे विचारल्यावर आईने थोबाडीत मारली. तिने आयुष्यात मारलेली ती एकच चापटी. मग तीन दिवस मुलांना गोठ्याकडे जायची बंदी होती.

माझ्या पिशवीत वही होती. खादीची पैरण आणि टोपी काढून घेतली, हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले. मावशींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाय, तो पावलो काय गो?"

पावलो म्हणजे पोहोचला. तो मुलगा पोहोचला का, हे त्या घराला पन्नास वर्षे कळले नव्हते. सातार्ड्याच्या काठावर उतरवलेला माणूस पुढे जगला, की तापाने गेला, की वाटेत पुन्हा सापडला? पत्र पाठवणे म्हणजे स्वत:ला पकडून देणे. आणि नाव ठाऊक नाही, तर विचारायचे तरी कोणाबद्दल? सप्टेंबर १९५५ पासून तर भारत सरकारने सीमा जवळजवळ बंदच केली. मावशींच्या आईचे माहेर सावंतवाडीच्या बाजूला. तिचा बाप १९५८ साली वारला तेव्हा तिला जाता आले नाही. मी सांगितले की हो, अण्णा पोहोचले. सावंतवाडीच्या दवाखान्यात महिनाभर होते. पुढे शिकले, इंजिनिअर झाले, सहासष्ट वर्षे जगले. पाऊस पडला की डावी पोटरी दुखते म्हणायचे. मी त्यांची धाकटी मुलगी.

मग त्यांनी पुढचे सांगितले, जे अण्णांना कधीच कळले नाही. ते गेल्यानंतर चार-पाच दिवसांनी घराची झडती झाली. काही सापडले नाही, तरी वडिलांना ठाण्यावर नेले. ते सतरा दिवसांनी आले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. पोफळीवर चढायचे काम सुटले ते सुटलेच. ठाण्यावर एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारत, कोण होता, नाव सांग. त्यांनी सांगितले की मला ठाऊक नाही. मावशी म्हणाल्या, "आणि ते खरेच होते." आईने नाव विचारू दिले नव्हते ते का, हे त्यांना स्वत:ला मुले झाल्यावर उमगले. ठाऊक असलेले नाव मारापुढे कदाचित सुटले असते. ठाऊकच नसलेले नाव कोणी काढून घेऊ शकत नाही.

पुण्याला आल्यावर मी जुने पंचांग काढून पाहिले. १५ ऑगस्ट १९५५, सोमवार, श्रावण वद्य पक्ष. जुळले. तरी इतिहासाच्या कसोटीवर हा पुरावा पुरेसा आहे का, असे मला अनेकांनी विचारले. त्या दिवशी त्या उतारावर कपडे जाळणारे घर एकच असेल असे नाही. वहीत पोफळीची बाग आहे, पण त्या भागात ओहोळाकाठी बाग नसलेले घर शोधावे लागेल. मावशींच्या आठवणीत मुलगा उंच होता. अण्णा मध्यम उंचीचे होते. अर्थात नऊ वर्षांच्या मुलीला सगळीच माणसे उंच दिसतात. मला स्वत:ला शंका नाही, पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे मी मान्य करते.

पुरावा हा शब्द आला म्हणून सांगते. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले. पुढे निवृत्तिवेतने आली. त्यासाठी तुरुंगवासाचे दाखले लागतात, भूमिगत असल्याचे कागद लागतात. ज्यांना शिक्षा झाली त्यांची नोंद राहिली, आणि ते योग्यच आहे. पण आसरा देण्याचे काम यशस्वी झाले, तर त्याची नोंद कुठेच उरत नाही. ते घर सापडले नाही, म्हणून तर पाहुणा वाचला. मावशींच्या वडिलांनी कधी कसला अर्ज केला नाही. सतरा दिवसांचा दाखला त्यांना कोण देणार होते, आणि त्यात गुन्हा कोणता लिहिणार होते?

स्मारकावर नावे कोरायची म्हटली तर या लोकांची कोरता येणार नाहीत, कारण नावे पुसणे हीच त्यांची कार्यपद्धती होती. पण म्हणून त्यांच्याशिवाय हा इतिहास पुरा होतो असे नाही. १५ ऑगस्ट १९५५ चा विचार करताना मी आता दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवते. एक, त्या दिवशी सीमा ओलांडणाऱ्यांचा, जो पुस्तकांत मिळतो. दुसरा, त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्यांचा, जो कधीच मिळणार नाही. चार दिवसांत, काही मैलांच्या टापूत, कोणतीही यादी हाताशी नसताना आम्हाला अशी पाच ठिकाणे भेटली. पोळे, कॅसलरॉक, दोडामार्ग, सगळी सीमा धरली तर किती असतील?

त्या घरी मी अण्णांच्या वहीची प्रत देऊन आले. मावशींच्या भावाच्या नातवाने ती मोठ्याने वाचून दाखवली, दोन संध्याकाळी मिळून. मावशी २०१४ साली गेल्या. तो नातू आता तीस-बत्तीस वर्षांचा आहे, पेडण्यातल्या एका शाळेत शिकवतो, आणि त्याने आसपासच्या वाड्यांतून अशा आठवणी टिपून ठेवायला सुरुवात केली आहे. तो मला म्हणाला की लोक आधी नाही म्हणतात, मग पुन्हा गेले की सांगतात.

त्या सत्याग्रहाला २०२५ साली सत्तर वर्षे झाली. त्या तुकड्यांमधले जे कोणी आज आहेत ते नव्वदीच्या आसपास असतील. तुमच्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर त्यांना फक्त गोळीबाराचे विचारू नका. रात्री कुठे झोपलात, पेज कोणी दिली, नदी कोणी पार करवली, तेही विचारा आणि लिहून ठेवा. आणि जमले तर तिकडे कळवा की माणूस पोहोचला. कदाचित तिथे अजून कोणीतरी वाट पाहत असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)